टबातलं पाणी उतरतच नाहीये! (नरकचतुर्दशीपासून) – उपाय सांगा

पावट्याची उसळ | शनिवार, सकाळी १०:४०

मंडळी, शुभेच्छा देऊन-घेऊन झाल्या, आता मुद्द्याचं.

आम्ही एडिसन, न्यू जर्सीत राहतो. घर १९५६ सालचं, आम्ही घेतल्याला तीन वर्षं झाली. वरच्या मजल्यावर एकच बाथरूम, त्यात टब. टब आपल्याकडचे लोक कसा वापरतात ते तुम्हाला ठाऊक आहेच. आत बादली, बादलीत मग, शेजारी प्लास्टिकचं स्टूल. पाय पसरून त्यात आजवर कुणी पडलेलं नाही.

उन्हाळ्यापासून पाणी जरा रेंगाळत जायचं. आंघोळ उरकून पुसून होईपर्यंत निघून जायचं, म्हणून दुर्लक्ष केलं. यंदा सासूबाई सांगलीहून आल्यात. नरकचतुर्दशीला पहाटे साडेचारला सगळ्यांना उठवलं, पाटावर बसवून डोक्यावर तेल थापलं, अंगाला घरचं उटणं. पाच माणसं ओळीने. पाचव्या नंबरला नवरा होता, तो घोटाभर पाण्यात उभा राहून आंघोळ करून आला. तेव्हापासून पाणी जवळपास थांबलंच. काल रात्रीचं पाणी आज सकाळपर्यंत फार तर अर्धा इंच उतरलंय. वर तेलाचा तवंग, खाली उटण्याचा चिखल.

आतापर्यंत केलेलं:
१) उकळतं पाणी ओतलं. काही नाही.
२) बेकिंग सोडा आणि व्हिनेगर. भरपूर फेस आला, मुलांनी टाळ्या वाजवल्या, पाणी जिथल्या तिथे.
३) टॉयलेटचा रबरी पंप मारला. टबाच्या वरच्या अंगाला जी गोल पत्र्याची चकती असते, तिच्या फटीतून काळं पाणी थेट माझ्या तोंडावर.

प्लंबरला फोन केला तर वीकेंडला नुसतं यायचेच २२५ डॉलर सांगितले. आता दुकानातून ती ड्रेन साफ करायची जेल आणते आहे. दोन बाटल्या टाकू का एक?

बर्फातला कावळा | सकाळी १०:५२

पाचव्या नंबरच्या माणसाबद्दल सहानुभूती. आमच्या घरीही मीच पाचवा असतो. (टोरांटो)

तिरपागडा | सकाळी ११:०५

सोडा-व्हिनेगरचं प्रमाण चुकलं असेल. एक वाटी सोडा, दोन वाट्या व्हिनेगर, वरून कापडाने तोंड दाबून अर्धा तास ठेवायचं. आम्ही दर महिन्याला करतो, दहा वर्षांत एकदाही तुंबलेलं नाही. केमिकलच्या नादी लागू नका.

रसायनवाली | सकाळी ११:२०

उसळताई, थांबा. जेल आणा, पण आज ओतू नका.

मी नाशिकला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, म्हणून हे जरा लांबवून लिहिते आहे. त्या जेलमध्ये साधारणपणे दोन गोष्टी असतात: कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, आणि ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. तुमच्या टबात सध्या व्हिनेगर मिसळलेलं पाणी साठलंय. ब्लीच आम्लात गेलं की क्लोरीन वायू सुटतो. थोड्या व्हिनेगरने फार होणार नाही म्हणाल, पण बंद बाथरूम, पहाटेची वेळ, खिडकी लावलेली, असं सगळं जुळून आलं तर तो थोडाही पुरतो. टॉयलेट धुवायच्या लिक्विडमध्ये बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक अॅसिड असतं, ते तर जेलच्या जवळपासही नेऊ नका. अमोनिया असलेला काच पुसायचा फवाराही नको.

कॉस्टिक सोड्याने केस खरंच विरघळतात. केस म्हणजे केरॅटिन नावाचं प्रथिन, अल्कलीत ते तुटतं. पण जेल केसापर्यंत पोचायला हवी ना! टबात चार इंच पाणी असताना त्यातून जाताना ती थोडी तरी पातळ होते. आणि काम झालं नाही तर? मग तुमच्या टबात पाण्याऐवजी जळजळीत अल्कली साठलेली असेल. त्यात हात कोण घालणार? त्यानंतर पंप मारलात आणि आजच्यासारखं तोंडावर उडालं, तर डोळ्यांचं काय होईल?

आणि तिरपागडा, सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की एकमेकांना संपवतात. उरतं काय, तर सोडियम अॅसिटेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे. बाजारातलं व्हिनेगर म्हणजे जेमतेम पाच टक्के अॅसिटिक अॅसिड. त्याने केस विरघळत असते तर लोणच्यात पडलेला केस काढायची वेळच आली नसती.

तिरपागडा | सकाळी ११:३१

तुमचं शास्त्र असेल, आमचा अनुभव आहे. दहा वर्षं.

कोथरूडची काकू | सकाळी ११:३८

दर महिन्याला सोडा टाकता तेव्हा जाळी काढून केसही काढता का?

तिरपागडा | सकाळी ११:४४

ते बायको काढते.

बर्फातला कावळा | सकाळी ११:४५

😀😀 खटला निकाली.

अर्धा मिस्त्री | दुपारी १२:१०

क्लीव्हलंडला जुन्या घरात वीस वर्षं राहतोय, टबाची ही दुखणी हाताखालून गेलीत. काही विचारतो, उत्तरं द्या, मग सांगतो.

१. बेसिनचं पाणी नीट जातं का? टॉयलेट फ्लश केल्यावर टबात गुडगुड होते का? खाली वॉशिंग मशीन चालू असताना टबात पाणी वर येतं का?
२. टबाच्या तळाच्या भोकात काय दिसतं? वर-खाली होणारं बूच आहे का नुसती जाळी?
३. ज्या चकतीतून तोंडावर पाणी उडालं, तिच्यावर छोटा खटका आहे का?
४. पाणी हळूहळू कमी होत गेलं का एका दिवसात बंद पडलं?

तोवर टब बादलीने उपसून टॉयलेटमध्ये ओता. साठलेल्या पाण्यावर कुठलाच उपाय धड लागत नाही.

गिरगावचा मुलगा | दुपारी १२:२५

टब वगैरे आमच्या नशिबी कधी नव्हता. चाळीत मजल्याची सामायिक मोरी तुंबली की खालून बांबूची लांब कामट घेऊन माणूस यायचा. ती लवलवत आत सारायची आणि फिरवून ओढायची. काय काय निघायचं! एकदा अख्खी बनियन निघाली होती आणि तीन बिऱ्हाडांनी ती आपली नाही म्हणून सांगितलं.

पावट्याची उसळ | दुपारी १:०२

रसायनवाली, बाटली पिशवीतच ठेवली आहे. खिडकी उघडली. धन्यवाद, खरंच.

मिस्त्री, उत्तरं:
१. बेसिन मस्त. टॉयलेट मस्त. गुडगुड नाही. वॉशिंग मशीन तळघरात आहे, ते चालू केलं तरी इथे काही फरक नाही.
२. बूच नाही. नुसती जाळी, मध्ये एक स्क्रू.
३. हो! खटका आहे. तीन वर्षं मला तो शोभेचा वाटत होता. मुलगा येता-जाता वर-खाली करतो, टिक-टिक वाजतो म्हणून.
४. हळू जाणं उन्हाळ्यापासून. पण ठप्प झालं ते चतुर्दशीलाच.

उपसलं. सतरा मग. तळाला उटणं असं बसलंय की बोटाने नाव लिहिता येईल.

अर्धा मिस्त्री | दुपारी १:३०

छान, म्हणजे मुख्य लाइन शाबूत आहे. सगळीकडचं पाणी अडलं असतं, किंवा खालचं पाणी टबात वर आलं असतं, तर बाहेरच्या सांडपाण्याच्या पाइपात झाडाची मुळं वगैरे शिरल्याचा संशय घेतला असता, आणि मग ते २२५ डॉलर गपचूप द्यायला सांगितले असते. इथे भानगड फक्त टबाची आहे.

आता तो खटका. टबाच्या त्या उभ्या बाजूमागे एक नळी असते. वरच्या चकतीपासून सुरू होऊन खाली टबाच्या ड्रेनला जाऊन मिळते. टब काठोकाठ भरला तर जास्तीचं पाणी तिच्यातून निघून जावं म्हणून. खटक्याला आतून एक सळई लटकते आणि सळईच्या टोकाला पितळेचा दट्ट्या. खटका एकीकडे केला की दट्ट्या खाली जाऊन दोन नळ्या मिळतात तिथेच पाण्याची वाट अडवतो. दुसरीकडे केला की वर उचलला जातो. म्हणून तुमच्या भोकात बूच दिसत नाही. बूच आहे, पण भिंतीत आहे.

यात दोन गोष्टी होतात. एक, सळईला केस गुंडाळून वेणी तयार होते. दोन, दट्ट्या पूर्ण वर उचलला जात नाही. सळईच्या आट्यांची लांबी थोडी जास्त झाली की तो अर्धवट लोंबकळतो आणि पाणी कायम रेंगाळतं. लांबी कमी पडली तर उलट त्रास, टब भरून ठेवताच येत नाही.

एक सांगा, खटका आत्ता हलवून बघा. जड लागतो का?

पावट्याची उसळ | दुपारी १:४१

अजिबात नाही. पडायच्या दातासारखा हलतोय. आधी असा नव्हता, आधी 'टक्' करून बसायचा.

अर्धा मिस्त्री | दुपारी १:४६

मग मला संशय आहे तो दट्ट्या सुटून खाली पडल्याचा. ७० वर्षांची पिन असेल, गंजून तुटली असणार. चकतीचे दोन स्क्रू काढा आणि चकती सळईसकट वर ओढा. हळूच, वाकडी करत करत. ओढायच्या आधी तळाच्या भोकावर फडकं ठेवा. स्क्रू भोकात गेला तर पुढचा धागा त्याच्यावर काढावा लागेल.

पंपाचंही सांगून ठेवतो. वरची चकती ओल्या फडक्याने घट्ट दाबून धरल्याशिवाय टबाला पंप मारायचा नाही. तुमचा सगळा जोर त्या वाटेने निघून गेला, पुरावा तुमच्या चेहऱ्यावर आहेच. आणि टॉयलेटच्या पंपाला खाली जी रबरी शेपटी असते ती सपाट तळावर बसत नाही. साधा वाटीसारखा पंप लागतो. (आणि कृपा करून टॉयलेटचा टबात नको!)

कोथरूडची काकू | दुपारी २:०५

धाग्यात मध्येच घुसते, पण विषय तोच आहे. आमच्या बाथरूमला टब नाही, नहाणी ट्रॅप आहे (फरशीतल्या जाळीखालचं भांडं, ज्यातून पाणी पाइपात जातं). पाणी जरा हळू जातं ते चालवून घेतेय, पण गेले दोन महिने वास येतो आणि रात्री झुरळं. फ्लॅट सतरा वर्षं जुना. मुलगा म्हणतो फरशी फोडून नवीन ट्रॅप बसवावा लागेल. फरशी फोडायची म्हणजे खालच्या मजल्यावरच्या जोशीबाईंशी पुन्हा महाभारत. काही दुसरं असू शकतं का?

वसईवाला | दुपारी २:३३

काकू, फरशीला हात लावू नका. जाळी उचला आणि आत टॉर्च मारा. आत उलटी ठेवलेली वाटी दिसते का?

बऱ्याच नहाणी ट्रॅपमध्ये ती वाटी असते. तिच्या कडा पाण्यात बुडालेल्या असतात, त्यामुळे पाणी खाली जातं पण खालचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. त्याला आम्ही वॉटर सील म्हणतो, साधारण ५० मिलिमीटर पाणी उभं राहायला हवं. पाणी हळू जायला लागलं की घरातलं कुणीतरी किंवा कामवाल्या बाई ती वाटी काढून ठेवतात. पाणी धो धो जातं, सगळे खूश. दोन महिन्यांनी आमच्याकडे फोन, वास येतो म्हणून. बिल्डिंगचं काम करताना निम्म्या तक्रारी मी नुसती वाटी परत ठेवून मिटवल्यात, आणि खोटं बोलत नाही, त्याचेही पैसे घेतलेत.

आणखी एक. फारसं न वापरलेलं बाथरूम असेल तर ट्रॅपमधलं पाणी वाळून जातं आणि मग वास सुटतो. आठवड्यातून एक तांब्या ओतला तरी पुरे.

रसायनवाली | दुपारी २:५०

तेलाबद्दल एक राहिलं. उसळताई, खोबरेल होतं ना?

पावट्याची उसळ | दुपारी २:५८

खोबरेलच. सासूबाईंनी बरणी कोमट पाण्यात ठेवून वितळवलं होतं. इथे ऑक्टोबरात ते दगड होतं.

रसायनवाली | दुपारी ३:१२

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या बरणीतच आहे. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. सांगलीला ते वर्षातले बरेच महिने पातळच असतं, आंघोळीबरोबर वाहून जातं. तुमच्या घरात पाइप भिंतीतून आणि थंड तळघरावरून जातात. अंगावरून पाणी जाताना तेल पातळ असतं, पाइपात शिरलं की थिजतं. त्यात उटणं, म्हणजे मसूर, बेसन, मुलतानी माती, कचोरा. त्यात साबण. पाणी जड असेल तर त्यातल्या कॅल्शियमशी साबणाची संयुगं होतात, ती पांढरी चिकट साय पाइपाला आतून बसते. आणि या सगळ्याला बांधायला केस. सिमेंटमध्ये सळ्या घालतात ना, अगदी तसं.

उकळत्या पाण्याने काय केलं असेल? जवळचं तेल वितळवून दोन-चार फूट पुढे नेऊन परत थिजवलं असेल. शिवाय पाइप प्लास्टिकचा असेल तर उकळतं पाणी नकोच. पीव्हीसी साठ अंशांच्या पुढे नरम पडायला लागतं. नळाचं गरम पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, आणि बराच वेळ चालू, एवढंच करा. तेही आधी वाट मोकळी झाल्यावर.

बर्फातला कावळा | दुपारी ३:२०

उटण्याचं रासायनिक पृथक्करण मराठी आंतरजालावर प्रथमच.

गिरगावचा मुलगा | दुपारी ३:२६

पण उटणं लावणं सोडायचं नाही, एवढं लिहून ठेवतो. तुंबलं तर तुंबलं.

पावट्याची उसळ | दुपारी ४:३५

अपडेट!

स्क्रू निघाले. एक अडला होता, त्यावर सासूबाईंनी खोबरेल सोडलं (हो, तेच). चकती ओढली. सळई साधारण हातभर लांब, आणि तिला केस असे पिळून बसलेले की खरंच वेणी. मुलीचे कमरेएवढे केस आहेत, पण त्या वेणीत सोनेरी केसही होते. म्हणजे आधीच्या मालकिणीचे! तीन वर्षं आम्ही एका अनोळखी बाईचे केस सांभाळतोय.

सळईच्या खालच्या टोकाला नुसती रिकामी कडी. कडीत गंजलेल्या पिनेचा तुकडा. दट्ट्या नाही.

फोनचा टॉर्च नळीत मारला. फूटभर खाली काहीतरी पिवळट चमकतंय. नवऱ्याने दोऱ्याला चुंबक बांधून सोडलं. चिकटत नाही.

अर्धा मिस्त्री | दुपारी ४:४१

चुंबकाला पितळ चिकटत नाही! नवऱ्याला म्हणावं चुंबक फ्रिजवर लाव.

कपड्यांचा तारेचा हँगर घ्या, सरळ करा, टोकाला पक्कडीने छोटा आकडा वळवा. मोठा नको, बोटाच्या पेराएवढा. दट्ट्याच्या डोक्यावर कडी असते किंवा स्प्रिंग, त्यात अडकवायचा. वरून ठोसू मात्र नका, खाली आणखी घट्ट बसेल. आणि घाईने स्प्रिंग मशीन (पाइपात घालून फिरवायची लवचीक तार) आत घालू नका. दट्ट्या आत असताना मशीनची तार त्याला गुंडाळली तर दोन्ही आत राहतील, मग भिंतच फोडायची.

वसईवाला | दुपारी ४:५५

हँगर हे सर्वश्रेष्ठ प्लंबिंग अवजार आहे. माझ्या पिशवीत कायम एक असतो.

कोथरूडची काकू | संध्याकाळी ५:१०

वसईवाले भाऊ, जाळी काढली. आत वाटी नाही. बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "ती होय? ती मागच्या बाल्कनीत ठेवलीय, पाणी अडवत होती म्हणून." बाल्कनीत जाऊन बघितलं तर वाटीत पुदिना लावलेला.

वसईवाला | संध्याकाळी ५:१४

पुदिना दुसरीकडे लावा, वाटी घासून परत बसवा. बसवायच्या आधी ट्रॅपच्या तळातला गाळ हाताने काढा, हातमोजे घालून. म्हणजे पाणी अडवते ही तक्रारही राहणार नाही. अॅसिड ओतू नका, सांध्यातलं सिमेंट खातं आणि मग खरोखर जोशीबाईंकडे गळायला लागेल.

पावट्याची उसळ | संध्याकाळी ७:२०

सविस्तर लिहिते, कारण मला आता कुणाला तरी सांगायचंच आहे.

हँगर घेतला. नवरा टॉर्च धरून, मी टबात उकिडवी, मुलगा 'डावीकडे, डावीकडे' ओरडतोय. त्याला आतलं काहीही दिसत नव्हतं. नळी दोन बोटं रुंद, तिच्यात तार घातली की तारेची सावली दट्ट्यावर पडते आणि मग काहीच कळत नाही. त्यामुळे डोळे मिटून बघितलं, म्हणजे हातानेच. तार पितळेला लागली की 'टिण्' असं होतं, नळीला लागली की 'खर्र'. तीन वेळा आकडा कडीत गेला आणि वर येता येता सुटला. सुटला की दट्ट्या परत 'टप्प'. चौथ्या वेळी सासूबाई मागून म्हणाल्या, "विहिरीत पडलेली बादली गळाने काढताना ओढायचं नसतं, आधी थोडं फिरवायचं असतं." फिरवलं. आकडा कडीत बसला, आणि मनगटाला ओझं जाणवलं. वर आला. अंगठ्याएवढा जाड, बोटभर लांब, काळानिळा, तळाशी रबराचा चघळलेला घास.

लगेच नळ सोडला. पाणी जायला लागलं, पण रमतगमत. उन्हाळ्यात जायचं तसंच. म्हणजे दट्ट्या पडला तो चतुर्दशीचा गुन्हेगार, पण मूळ दुखणं खाली होतंच.

मिस्त्री, आता?

अर्धा मिस्त्री | संध्याकाळी ७:३२

वा, वहिनी! आता स्प्रिंग. हार्डवेअरच्या दुकानात हाताने फिरवायची मिळते, पाव इंच जाडीची, पंचवीस फूट. तीस-चाळीस डॉलरच्या आत. तळाच्या जाळीतून घालू नका, तिथे काटकोनात वळण आहे आणि आत आडव्या पट्ट्या. चकतीच्या भोकातूनच खाली सोडा, वाट सरळ मिळते. दोनेक फुटांवर अडेल, तो ट्रॅपचा, म्हणजे पाणी साठून राहणाऱ्या वळणाचा, वाकडा भाग. तिथे जोर लावायचा नाही, मूठ आवळून फिरवत राहायचं. अडथळा लागला की आत ढकलण्यापेक्षा फिरवून गुंडाळायचं आणि बाहेर ओढायचं. खाली जुनं वर्तमानपत्र आणि बादली ठेवा. आणि सुखाने जेवून घ्या आधी, नंतर जेवण जाणार नाही.

घर १९५६ चं आहे म्हणून आणखी एक. या वयाच्या घरांत कधीकधी वाकड्या ट्रॅपऐवजी डब्यासारखा गोल ड्रम ट्रॅप असतो. स्प्रिंग आत जाऊन नुसती गोल गोल फिरत राहिली, पुढे जाईना, तर तो समजा. मग त्याचं झाकण शोधून उघडायला हवं, ते काम प्लंबरचं.

तिरपागडा | संध्याकाळी ७:४०

मी एक सुचवू का? स्प्रिंगनंतर थोडा सोडा...

कोथरूडची काकू | संध्याकाळी ७:४१

नको.

पावट्याची उसळ | रविवार, दुपारी १२:१५

स्प्रिंग आणली, ३४ डॉलर. अडीच फुटांवर अडली. फिरवली. ड्रम ट्रॅप नाही, देवाची कृपा, तार वळून पुढे गेली. बाहेर ओढली तर टोकाला जे आलं त्याचं वर्णन करते, नाजूक मनाच्यांनी पुढची ओळ सोडा.

बुरशी आलेल्या पुरणाच्या गोळ्यासारखं. आतून मेणासारखं पांढरं खोबरेल, त्यात उटण्याचे पिवळे कण, सगळं केसांनी शिवलेलं. आणि वास अजूनही कचोऱ्याचा! तीन वेळा तार घातली, तीन गोळे निघाले. चौथ्यांदा तार कोरडी आली.

मग रसायनवालींनी सांगितल्याप्रमाणे नळाचं गरम पाणी, लिक्विडचे चार थेंब, दहा मिनिटं. टब मुद्दाम अर्धा भरून सोडला. शेवटी भोकावर भोवरा आला आणि 'सुर्रर्र' करून आवाज. घरातली पाचही माणसं टबाभोवती उभी होती. इतक्या एकाग्रतेने आम्ही लक्ष्मीपूजनालाही उभे नव्हतो.

एकूण खर्च ३४ डॉलर. अधिक चकतीमागचं वायसर ६, त्याबद्दल खाली.

अर्धा मिस्त्री | दुपारी १२:३०

झकास. चकती परत लावताना मागचं स्पंजाचं वायसर बघा. वाळून तुकडे पडत असतील तर नवीन घाला. नाहीतर शॉवरचं पाणी त्या फटीतून भिंतीमागे जातं आणि खालच्या खोलीच्या छतावर चहाचा डाग उमटतो. तुमचं बाथरूम वर आहे म्हणून मुद्दाम सांगतोय. दट्ट्याला नवीन पिन घालून परत सोडणार का?

पावट्याची उसळ | दुपारी १२:४८

वायसर पापडासारखं तुटलं, तेच सहा डॉलरचं. बदललं.

दट्ट्या परत घालत नाही. आम्ही टब भरून ठेवत नाही तर भिंतीत बूच हवंच कशाला? नुसती चकती लावली. पाहुण्यांपैकी कुणाला टबात पडायची हौस आलीच तर भोकावर ठेवायचं चपटं रबरी झाकण मिळतं. जाळीवर केस अडवायला सिलिकॉनची टोपीही घेतली आहे. मुलीला सांगितलंय, आंघोळ झाली की टोपी तू साफ करायचीस. ती म्हणाली, "मग उटणं कोण साफ करणार?" सासूबाईंनी पुढच्या वर्षीसाठी टबात परात ठेवून त्यात उभं राहायची योजना मांडली आहे. उटण्याचं पाणी परातीतून थेट बागेत.

दट्ट्या त्यांनी मागून घेतला, चिंच आणि मिठाने घासला. आता सोन्यासारखा पिवळाधमक झालाय आणि देवघरात पोथीवर वजन म्हणून ठेवलाय. आधीच्या मालकिणीला ही हकीकत कळवावी का, यावर घरात दोन मतं आहेत.

कोथरूडची काकू | दुपारी १:३०

वाटी बसवली. रात्री एकही झुरळ नाही. मुलगा फरशीचं कोटेशन मागवून बसला होता, त्याला पुदिन्याची चटणी वाढली.

गिरगावचा मुलगा | दुपारी २:१०

उसळताई, एक शंका. ते सोनेरी केस कुठे टाकले?

पावट्याची उसळ | दुपारी २:१४

कचऱ्यात! अजून काय करणार होते?

सुगरणीचं घरटं | रात्री ९:५५

धागा पूर्ण वाचला नाहीये, पण एक घरगुती उपाय सुचवते. बेकिंग सोडा आणि व्हिनेगर टाकून बघितलं का?

तिरपागडा | रात्री ९:५६

+१